कुत्रा आपले पाय वाचतो: अ‍ॅजिलिटी हँडलिंग, घरच्या बादलीपासून कोर्सपर्यंत

गोटी माझी देशी कुत्री. आम्ही दोघी अ‍ॅजिलिटी खेळतो: कुत्र्याने जंप (उडीचा बार), टनेल (बोगदा) अशा अडथळ्यांच्या मार्गावरून, म्हणजे कोर्सवरून, धावायचं आणि माणसाने, म्हणजे हँडलरने, सोबत धावत त्याला दिशा दाखवायची. हे दिशा दाखवणं म्हणजे हँडलिंग. वजन अकरा किलो, एक कान उभा, एक अर्धा पडलेला. तिसऱ्या जंपवरून तिने उजवीकडे वळून चौथ्या जंपकडे यायचं होतं. ती सरळ टनेलमध्ये शिरली. मी परत सुरुवात केली, ती परत टनेलमध्ये. असं पाच वेळा झालं आणि पाचही वेळा मी "इकडे, इकडे" ओरडत होते. रात्री मोबाइलवरचा व्हिडिओ अगदी हळू करून बघितला. गोटीने उडी घेण्याआधीच माझा डावा खांदा टनेलकडे वळलेला होता आणि उजव्या बुटाचं टोकही तिकडेच होतं. माझा आवाज उडी संपल्यावर पोचत होता, खांदा मात्र उडीच्या आधी. गोटीने जे आधी मिळालं ते ऐकलं.

या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं त्या व्हिडिओतून निघालं आहे. अ‍ॅजिलिटीत कुत्र्याला अडथळे शिकवणं तुलनेने सोपं असतं. कठीण असतं ते आपल्या पायांना, खांद्यांना आणि छातीला वेळेवर बोलायला शिकवणं. म्हणून इथे अडथळ्यांपेक्षा हँडलिंगवर जास्त लिहिते आहे, आणि बरेचसे सराव कुत्र्याआधी आपण एकट्याने करायचे आहेत.

खेळ थोडक्यात

1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन स्पर्धांच्या मधला वेळ भरायला घोड्यांच्या शो-जंपिंगवरून बेतलेलं एक प्रात्यक्षिक ठेवलं होतं. प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की पुढे त्याचा स्वतंत्र खेळ झाला. आज एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार कोर्स साधारण 100 ते 220 मीटर लांब असतो. अडथळे आकड्यांच्या क्रमाने घ्यायचे. बार पडला किंवा कॉन्टॅक्ट (चढ-उताराच्या फळीवरचा रंगीत भाग, जिथे पंजा लागलाच पाहिजे) चुकला तर 5 फॉल्ट, अडथळा नाकारला तरी 5, तीन वेळा नाकारला तर बाद. चुकीचा अडथळा घेतला तरी बाद. कुत्रा पट्ट्याने धरलेला नसतो, हँडलरच्या हातात खाऊ नसतो, खेळणं नसतं. कुत्र्याला हात लावायचा नाही. उरतं ते आपलं शरीर आणि आवाज.

चांगला तयार कुत्रा कोर्सवर सेकंदाला पाच मीटरच्या आसपास धावतो. वळणं घेत आपल्यापैकी बहुतेकांना तेवढं धावता येत नाही. म्हणून कुत्रा लांबच्या वाटेने जात असताना आपण आखूड वाटेने पुढच्या वळणावर पोचायचं आणि तिथून त्याला दिशा दाखवायची. हँडलिंगची सगळी तंत्रं याच गरजेतून आली आहेत.

सुरू करण्यापूर्वी

पिल्लाला उड्या मारायला लावू नका. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत कच्च्या असतात, मोठ्या जातींमध्ये त्याहून उशिरापर्यंत. त्या वयात उंच उडी, वीव्ह पोल्सचं (ओळीत उभे खांब, ज्यांच्यामधून नागमोडी जायचं) तीव्र वळण, ए-फ्रेमवरून (दोन उतरत्या फळ्यांचा उंच त्रिकोण) धाडकन उतरणं, हे सगळं टाळायचं. एफसीआयच्या स्पर्धेतही अठरा महिन्यांखालचा कुत्रा उतरत नाही. पण खाली सांगितलेलं सपाट जमिनीवरचं आणि बादलीचं सगळं काम लहान वयातही थोडं थोडं करता येतं, बार जमिनीवर ठेवून.

वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. फासळ्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत. व्हेटकडून सांधे, पाठ आणि हृदय तपासून घ्या. नखं वेळेवर कापा, लांब नखांनी वळताना पंजा घसरतो.

जमीन आणि ऊन या दोन गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही. फरशी, डांबर, सिमेंट यांवर उडी नाही. गवत किंवा मऊ माती हवी. सराव पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पुण्यात सकाळी आठनंतर मी गोटीला धावायला सोडत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि खेळाच्या नादात तो स्वतःहून थांबत नाही. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर लगेच सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि गाडी काढून व्हेटकडे जा. घरी वाट बघत बसू नका.

दर वेळी पाच मिनिटं वॉर्मअप करा: चालणं, हलकं धावणं, दोन्ही बाजूंना मोठे गोल, पाठीमागे दोन-चार पावलं चालवणं. शेवटी तेवढंच कूलडाउन. हे गाळलं की फटका खांद्याला बसतो आणि कुत्रा ते दाखवत नाही.

साधनं

सुरुवातीला लागतात: दोन बादल्या, तीन साध्या जंप आणि एक टनेल. प्लंबिंगच्या दुकानातल्या एक इंची पीव्हीसी पाइपमधून जंप होतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा, बार नुसता टेकवलेला हवा. पाय लागताच तो पडलाच पाहिजे. चिकटवलेला किंवा बांधलेला बार म्हणजे दुखापत. कुत्र्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे हिरवळीवर लाल-केशरी बार त्याला नीट उठून दिसत नाही. पांढरा पाइप घेऊन त्यावर निळ्या आणि पिवळ्या टेपचे पट्टे मारा. टनेलला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावा. आत धावताना तो गडगडला तर बरेच कुत्रे महिनाभर पुन्हा आत जात नाहीत. ए-फ्रेम, डॉग वॉक (उंच, अरुंद फळीचा पूल) आणि सी-सॉ घरी प्लायवूडवर करू नका, त्यांचा सराव नीट बनवलेल्या, न घसरणाऱ्या साधनांवरच करा.

बारची उंची? सरावात बहुतेक वेळा कुत्र्याच्या कोपराइतकी किंवा त्याहून कमी. आपण हँडलिंग शिकत असतो तेव्हा कुत्र्याला एकाच जंपवर पंधरा वेळा नेतो. ते पंधरा धक्के कमी उंचीचे असू देत.

शब्द निवडताना

मराठीत हुकूम देणाऱ्यांसाठी एक सूचना. "ये", "जा", "घे" हे एकाक्षरी शब्द धावताना, धाप लागलेली असताना जवळजवळ सारखे ऐकू येतात. मी गोटीसाठी मुद्दाम वेगवेगळ्या आवाजांचे शब्द ठेवले. जंपला "टप", टनेलला "हुर्र", उजवीकडे घट्ट वळायला "चिक-चिक", डावीकडे "गर्र", थांब सोडायला "मोकळी". बरोबर केलं हे त्या क्षणी सांगायला "हो!" अर्थ आपल्यासाठी असतो, कुत्र्यासाठी नाद. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे.

पायरी पहिली: जमिनीवरचं काम

कुत्रा आपल्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना तितक्याच सहज धावला पाहिजे. आज्ञापालनाचं शिक्षण झालेले कुत्रे बहुधा डावीकडे चिकटलेले असतात. मोठा गोल धावा, आधी कुत्रा आतल्या बाजूला, मग बाहेरच्या. खाऊ नेहमी कुत्र्याच्या बाजूच्या हातानेच, मांडीच्या शिवणीजवळ द्या. समोरून दिला तर कुत्रा पुढे येऊन पायात अडकायला लागतो.

मग वेग बदला. दहा पावलं जोरात धावा आणि पुढच्या तीन पावलांत एकदम हळू व्हा, गुडघे थोडे वाकवून. कुत्र्यानेही पावलं आखडली की "हो!" आणि खाऊ. आपण वेगाने पुढे धावतो तेव्हा त्याला कळलं पाहिजे, सरळ लांब जायचंय. आपण मंदावतो तेव्हा कळलं पाहिजे, वळण येतंय. हा एक धडा पक्का झाला की पुढची निम्मी वळणं आपोआप घट्ट होतात. मी यावर दोन आठवडे घालवले आणि आणखी दोन घालवले असते तरी चाललं असतं.

"थांब" पक्का हवा. कुत्रा बसलेला, आपण पाच-सहा मीटर पुढे. सुरुवातीच्या या अंतरावरच पुढचे क्रॉस, म्हणजे धावता धावता कुत्र्याची बाजू बदलणं, अवलंबून असतात. कुत्रा आधी सुटला तर रागावू नका, शांतपणे परत नेऊन बसवा. पण सुटल्यावर त्याला जंप घेऊ देऊ नका, कारण जंप हेच त्याचं बक्षीस असतं.

पायरी दुसरी: बादली

सगळ्या सरावांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

पालथी बादली समोर ठेवा, दोन पावलांवर. ती आपल्या डाव्या पायाच्या रेषेत असू दे. कुत्रा डावीकडे. डावा पाय बादलीकडे टाका, त्याच वेळी डावा हात खालून पुढे जाऊ दे, नजर बादलीवर. कुत्रा बादलीला डावीकडून जाऊन उजवीकडून वळसा घालून परत येईल. पहिल्यांदा बादलीकडे बघितलं तरी "हो!" म्हणा. मग तिच्या बाजूने गेला तर. मग पूर्ण वळसा. रोज वीतभर मागे सरका. चार मीटरवरून एका पावलात कुत्रा वळसा घालून आला की पाठवणं शिकवून झालं. दुसऱ्या बाजूनेही हेच सगळं पुन्हा करा, आणि वळशाचे दोन शब्द इथेच जोडा.

आता याच बादलीवर फ्रंट क्रॉस.

फ्रंट क्रॉस

फ्रंट क्रॉस म्हणजे कुत्र्याच्या पुढे राहून, त्याच्याकडे तोंड करून वळायचं आणि आपली बाजू बदलायची. कुत्रा डावीकडे असेल तर आपण डावीकडे वळतो, म्हणजे कुत्र्याच्याच दिशेने. वळून होतं तेव्हा तो उजवीकडे असतो.

आधी कुत्र्याशिवाय. खडूने जमिनीवर एक रेघ मारा आणि तिच्यावरून धावत जा. डावा पाय टाकताना त्याचं टोक बाहेर वळवा, उजवा पाय त्याच्याभोवती आणा, डावा पुन्हा नव्या दिशेने. एक, दोन, तीन. तीन पावलांत उलट दिशेला तोंड झालं पाहिजे आणि चौथ्या पावलाला धावायला लागलं पाहिजे. पाच-सहा पावलं लागत असतील तर आपण एका जागी गिरक्या घेतोय. या वेळी डावा हात अंगाशी आणा आणि उजवा खाली उघडा. दोन्ही हात एकाच वेळी बाहेर पसरले तर कुत्र्याला दोन दिशा दिसतात. रोज वीस वेळा, दोन्ही बाजूंनी. मी हे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करायचे.

मग कुत्र्यासह, बादलीवर. त्याला पाठवा. त्याचं नाक बादलीच्या मागे गेलं की वळायला सुरुवात करा. डोळे दुसऱ्या बाजूने बाहेर येतील तेव्हा आपलं वळणं संपलेलं असावं, उजवा हात खाली तयार आणि आपण धावत असावं. खाऊ उजव्या हाताने, मांडीजवळ. कुत्रा बाहेर येऊन आपल्याकडे बघत उभा राहिला तर आपल्याला उशीर झाला. बादलीपासूनच परत फिरला तर आपण घाई केली.

जंपवर जाताना यात एकच बदल होतो, पण महत्त्वाचा. कुत्रा उडीची आखणी जमिनीवर असतानाच करतो. एकदा हवेत गेला की वळण बदलता येत नाही. म्हणून आपलं मंदावणं आणि खांद्याचं फिरणं तो जंपच्या एक-दोन ढांगा अलीकडे असतानाच दिसायला हवं. आपण हे उशिरा केलं की तीनपैकी एक होतं: तो लांब जाऊन वळतो, बार पाडतो, किंवा आपल्यावर आदळतो. बार पडला म्हणून कुत्र्याला "अरे!" म्हणण्याआधी व्हिडिओ बघा. हवेत असताना त्याचं नाव घेऊन हाक मारली का, तेही बघा. बार पडण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे.

रिअर क्रॉस

कुत्रा आपल्यापुढे निघून गेला आहे आणि बाजू बदलायची आहे, तेव्हा त्याच्या मागून ओलांडायचं. कुत्रा डावीकडे असेल तर आपण मागून उजवीकडून डावीकडे जातो आणि तो डावीकडे वळतो, आपल्यापासून दूर. लहान कोर्सवर वेगवान कुत्र्यासोबत, किंवा गुडघे दुखणाऱ्या हँडलरसाठी हा क्रॉस फार उपयोगी आहे.

पण तो आधी जमिनीवर शिकवावा लागतो. कुत्रा डावीकडे, डाव्या हातात खाऊ. हात कुत्र्याच्या नाकाशी नेऊन त्याला डावीकडे, आपल्यापासून बाहेर, गोल फिरवा. तो फिरतो तोवर आपण त्याच्या शेपटीमागून पलीकडे. आता तो उजवीकडे असतो, उजव्या हाताने खाऊ द्या. सहज जमलं की खाऊशिवाय, नुसत्या हाताने.

मग एक बुटकी जंप. पलीकडे चार मीटरवर, डावीकडे, त्याचं खेळणं ठेवा. कुत्रा डावीकडे घेऊन धावा, मात्र सुरुवातीपासून आपली वाट तिरकी असू दे, जंपच्या डाव्या टोकाकडे. तो उडी घेण्याच्या आधीच त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून आपण मागून सरकताना दिसलं पाहिजे. कुत्र्याची बाजूची नजर आपल्यापेक्षा पुष्कळ रुंद असते, तिचा इथे उपयोग होतो.

या क्रॉसच्या दोन चुका आहेत. उशिरा ओलांडलं तर कुत्रा उजवीकडे उतरतो आणि गोल फिरून आपल्याला शोधतो. फार लवकर किंवा कुत्र्याच्या अंगावर जाऊन ओलांडलं तर तो जंप सोडून आपल्याकडे वळतो. दुसऱ्या चुकीचं मूळ बहुधा असं असतं की कुत्र्याला एकट्याने पुढे जायचा विश्वासच नाही. तेव्हा रिअर क्रॉस बाजूला ठेवून आठवडाभर नुसतं पाठवण्याचं काम करा, खेळणं पुढे टाकून.

ब्लाइंड क्रॉस

यात आपण न वळता सरळ धावत राहतो, कुत्र्याच्या पुढून तिरकं ओलांडतो आणि फक्त मान फिरवतो. कुत्रा डावीकडे होता, डाव्या खांद्यावरून बघत होतो, आता उजव्या खांद्यावरून बघतो आणि उजवा हात मागे उघडतो. क्षणभर कुत्र्याकडे पाठ होते, म्हणून हे नाव. वेग अजिबात मोडत नाही हा मोठा फायदा.

सराव सोपा आहे. कुत्र्याला बसवा, दहा मीटर पुढे जा, बोलवा आणि तो येत असताना धावायला लागा. मध्येच बाजू बदला. नव्या हातात खेळणं दिसू दे. तो नव्या बाजूला आला की खेळणं त्याचं. पुढे हेच टनेलनंतर करा. कुत्रा टनेलच्या आत असताना आपल्याला बाजू बदलायला मोकळा वेळ मिळतो आणि बाहेर येताच तो आपण कुठल्या बाजूला आहोत तेच बघतो.

माझा एक नियम आहे: कुत्र्याच्या अंगाच्या दोन लांब्यांइतकं तरी आपण पुढे असू तरच ब्लाइंड. कमी अंतर असेल तर रिअर. पंचवीस किलोचा लॅब्रॅडॉर गुडघ्यामागे धडकला तर दोघांनाही लागतं.

तीन जंपचे सराव

शेजारी शेजारी, तिघींचे बार एकाच रेषेत येतील असे, पाच-पाच मीटरवर तीन जंप लावा. आता कुत्रा पहिलीवरून पलीकडे, दुसरीवरून आपल्याकडे, तिसरीवरून पुन्हा पलीकडे, अशा नागमोडी वाटेने जाईल. हे सर्पंटाइन. आपण एकाच बाजूला, जंपच्या जवळून धावतो. दुसऱ्या जंपला छाती कुत्र्याकडे उघडायची, हात त्याच्या बाजूला मागे, पाय मात्र पुढेच धावत राहतात. दुसऱ्या जंपपाशी थांबलो तर कुत्रा आपल्याकडे येऊन उभा राहतो. सुरुवातीला मधली जंप थोडी आपल्याकडे तिरकी करून ठेवा, म्हणजे तिचा बार त्याला समोर दिसेल. जमेल तसतशी सरळ करत आणा.

थ्रेडलमध्ये कुत्रा पहिली जंप घेऊन पलीकडे गेला की दोन जंपच्या मधल्या मोकळ्या जागेतून त्याला आपल्याकडे ओढायचं आणि दुसरी जंप पुन्हा आपल्या बाजूनेच घ्यायची. सर्पंटाइन आणि थ्रेडल दुरून सारखे दिसतात, म्हणून कुत्र्याला त्यांतला फरक अगदी स्पष्ट हवा. मी थ्रेडलला कुत्र्यापासून लांबचा हात समोरून आणते, खांदा आत घेते आणि वेगळा शब्द वापरते. हे दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका. सर्पंटाइन महिनाभर पक्कं होऊ द्या.

कॉन्टॅक्ट आणि वीव्ह, फक्त हँडलिंगपुरतं

ए-फ्रेम, डॉग वॉक आणि सी-सॉ यांच्या टोकाला वेगळ्या रंगाचा भाग असतो, उतरताना कुत्र्याचा पंजा त्याला लागलाच पाहिजे. नव्याने शिकणाऱ्याने "दोन वर, दोन खाली" ही पद्धत घ्यावी: मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर, आणि सोडेपर्यंत तसंच उभं राहायचं. बिल्डिंगच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी यासाठी उत्तम. खाऊ नाकासमोर उंच धरू नका, पुढच्या दोन पंजांच्या मधे जमिनीवर द्या, म्हणजे वजन मागे राहतं. एकदा जागा कळली की आपण हलायला लागायचं. पुढे धावून बघा, बाजूला सरका, पाठ करा, खाली बसा. कुत्रा "मोकळी" ऐकेपर्यंत हलला नाही तरच ते खरं. धावत उतरण्याची पद्धत वेगवान असते, पण ती अनुभवी शिक्षकाच्या नजरेखालीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

सी-सॉची भीती आवाजाची असते. फळीचं टोक विटेच्या उंचीवर ठेवून त्याने पंजाने आपटलं की खाऊ, इतकंच आठवडाभर खेळा.

वीव्हमध्ये 12 पोल, दोन पोलांत 60 सेंटीमीटर. पहिला पोल नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला. दोन पोल लावून सुरू करा आणि पोल घड्याळाच्या मध्यभागी आहेत असं समजून कुत्र्याला घड्याळाच्या वेगवेगळ्या आकड्यांवरून आत यायला लावा. बक्षीस पुढे, पोलच्या रेषेत फेका. हातातून देत राहिलात तर कुत्रा पोलऐवजी हात बघेल आणि वेग गेला. चारवर, सहावर जाताना घाई नको. कुत्रा पोलमध्ये असताना आपण शेजारी हात नाचवायचे नाहीत. आपण पाच मीटर लांब असलो, मागे पडलो किंवा पुढे गेलो तरी तो पोल पूर्ण करेल, इथवर आणायचं आहे.

अडलं की काय बघायचं

कुत्रा भुंकत आपल्याभोवती फिरायला लागला तर तो उद्धटपणा करत नाहीये. त्याला पुढे कुठे जायचं ते कळलेलं नाही. आपली माहिती उशिरा येते आहे. सराव दोन अडथळ्यांवर आणा.

कुत्रा मंद धावतो? मग आधी दुखणं, वजन आणि ऊन तपासा. ते ठीक असेल तर स्वतःला विचारा, गेल्या महिन्यात किती वेळा "नाही" म्हणालात. चूक झाली की मी आता काहीच बोलत नाही, धावत राहते, शेवटी खाऊ देते आणि परत सुरू करते. बरेच देशी कुत्रे आवाजाच्या कडकपणाला फार हळवे असतात. एकदा मी टेपचं बंडल जमिनीवर आपटून गोटीवर चिडले होते. पुढचे नऊ दिवस ती त्या जंपपाशी पोचली की जमीन हुंगायला लागायची. ताणाखाली आलेल्या कुत्र्याची ती भाषा आहे.

दहापैकी आठ वेळा बरोबर येत नसेल तर सराव सोपा करा. लागोपाठ दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा तसंच करू नका, काहीतरी बदला.

आठवडा

माझा साधारण असा असतो. दोन दिवस बादली आणि जमिनीवरचं काम, दहा-दहा मिनिटं. एक दिवस जंप. एक दिवस वीव्ह किंवा कॉन्टॅक्ट. एक दिवस छोटा क्रम, सहा ते आठ अडथळे. उरलेले दोन दिवस पट्टा लावून टेकडीवर नुसतं हुंगत फिरणं. सरावाचा प्रत्येक तुकडा पाच मिनिटांचा, मध्ये विश्रांती. पावसाळ्यात मैदान चिखलाचं असतं आणि घसरून खांदा निघतो, म्हणून जुलै-ऑगस्ट मी घरातच काढते: हॉलमध्ये सतरंजी अंथरून बादलीचे वळसे, जिन्यावरचा थांबा, मागचे पाय वेगळे वापरायला शिकवण्यासाठी पाटावर पुढचे पंजे ठेवून गोल फिरणं. पावसाळा संपताना वळणं आधीपेक्षा चांगली झालेली असतात.

वही ठेवा. तारीख, काय केलं, दहापैकी किती, आपण कुठे चुकलो. कुत्र्याच्या चुकांचा रकाना मी ठेवत नाही.

कोर्स चालून बघणं

स्पर्धेत धावण्यापूर्वी कुत्र्याशिवाय कोर्स चालायला ठरावीक वेळ मिळतो. बहुतेक नवे हँडलर त्यात फक्त आकडे पाठ करतात. मी चार फेऱ्या मारते.

पहिली, आकड्यांच्या क्रमाने, नुसती ओळख म्हणून. दुसरी, कुत्र्याच्या वाटेने. प्रत्येक जंपच्या मागे खाली वाकून गोटीच्या उंचीवरून बघते. उतरल्यावर तिला समोर काय दिसेल? तिथे टनेलचं तोंड दिसत असेल तर तो सापळा आहे आणि तिथे माझं वळण आधी दिसायला हवं. तिसरी फेरी माझ्या वाटेने. कुठे क्रॉस, कुठला क्रॉस, आणि तिथे मी तिच्याआधी पोचेन का? शंका असेल तिथे दुसरा पर्यायही ठरवते, म्हणजे फ्रंटला पोचले नाही तर रिअर. चौथी फेरी पूर्ण वेगाने, हात, पाय, खांदे, शब्द सगळ्यांसकट, जणू कुत्री सोबत आहे. आजूबाजूला तीस माणसं अशीच मोकळ्या हवेत हातवारे करत धावत असतात, त्यामुळे संकोचाचं कारण नाही.

मग बाहेर येऊन डोळे मिटून एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत धावते. कुठल्या आकड्यापाशी चित्र अडखळलं ते बघते, कडेला उभं राहून तेवढाच तुकडा पायांनी तीनदा करते, आणि गाडीच्या सावलीत बसलेल्या गोटीला वॉर्मअपसाठी बाहेर काढते.